पळसाच्या पानांचा माणूस

गोंदिया, ६ जानेवारी १९५६

प्रिय जमुना,

तू माहेरी आमगावला गेलीस त्याला महिना होत आला आणि तुझं पत्र नाही. रागावली असशील तर रास्त आहे. बेपत्ता माणसाची बारा वर्षं भरली की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळावा, नाहीतर घराला दोष लागतो, असं तुझा दीर कन्हैयालाल तुझ्या तोंडावर म्हणाला आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. त्या दिवशी मी तुझ्या बाजूने होते. माझा पोरगा श्यामलाल पानांचा नाही, येईल तेव्हा स्वतःच्या पायांनी येईल, असं मीच सगळ्यांना सुनावलं होतं.

परवा सडक अर्जुनीकडचा बकाराम आला. श्यामलालच्या पलटणीतला, त्याच्याबरोबरच सिंगापूरला जपान्यांच्या हाती लागलेला. लढाई संपल्यावर हा गृहस्थ घरी परतला आणि दहा वर्षं इथून मोटारीनं जाता येईल एवढ्या अंतरावर निवांत धान पिकवत राहिला. पाय मोडले होते का, असं मी विचारलं. म्हणाला, "पाय नाई मोडले, बाई. तुमच्यासमोर कोन्त्या तोंडानं उभा राहू, हेच समजून नव्हतं राहिलं." पुतळ्याची गोष्ट बाजारात कानावर पडली तेव्हा त्याला तोंड सापडलं. चहा मी विचारला नाही आणि अजूनही विचारावासा वाटत नाही.

जपानी त्यांना एका मालवाहू जहाजाच्या तळात कोंबून दूरच्या बेटावर मजुरीला नेत होते. राखणीला एक छोटं लढाऊ जहाज होतं. पाणबुड्या शोधून मारायच्या एवढंच त्याचं काम. मालगाडीचे तीन डबे जोडावेत एवढंसं, बकाराम म्हणतो. लाटेवर असं हेलकावे खायचं की त्यावरचे खलाशी कठड्याला धरून ओकायचे आणि वर हवा खायला सोडलेले आपले कैदी हसायचे. भावाच्या डुगडुगत्या गाडीवरून श्यामलालनं त्याचं नाव 'कन्हैयाची बैलगाडी' ठेवलं होतं. हे ऐकलं आणि मला कळलं की बकाराम खोटं बोलत नाही. असली नावं ठेवणारा दुसरा कोण असणार?

एका दुपारी अमेरिकन पाणबुडीनं मोठं जहाज फोडलं. अमेरिकन, म्हणजे आपल्याच बाजूचे. आत कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कॉन्व्हेंटात नन्सनी मला शिकवलं होतं की देवाला सगळं ठाऊक असतं. त्या दुपारी त्यानं कोणाला काही सांगितलेलं दिसत नाही. बकारामला पोहता येत नव्हतं. श्यामलालनं त्याला एका फळीवर चढवलं आणि स्वतः कड धरून पाण्यात राहिला. तेवढ्यात ते छोटं जहाज वळलं आणि सरळ यांच्याकडे येऊ लागलं. सगळे हात वर करून ओरडले, "आली रे, बैलगाडी आली!"

ती यांच्यासाठी नव्हती आली. पाणबुडी यांच्याच खाली कुठेतरी होती. त्या जहाजानं पिंपासारखे बॉम्ब पाण्यात सोडले, ते खोल जाऊन फुटले. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्यांची आतडी आतल्या आत फुटली, अंगावर ओरखडा नाही. फळीवरचा बकाराम वाचला. मग तेच जहाज परत फिरलं, आधी पाण्यातले जपानी उचलले, मग याला दोर टाकला. दोर टाकणाऱ्या खलाशानं स्वतःच्या बाहीनं याच्या तोंडावरचं तेल पुसलं. त्याला लाज वाटत होती का, मी विचारलं. "माहीत नाई, बाई. पुसलं अन् दोर गुंडाळून राहिला होता तो."

पुढे काही महिन्यांत दुसऱ्या एका पाणबुडीनं ते जहाजही बुडवलं. बेटावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, एकही वाचला नाही. जन्मभर मी माझी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांशी भांडले, भटजींशी भांडले, जणू आमची छत्री हरवली होती असा 'बेपत्ता' एवढा एक शब्द लिहून पाठवणाऱ्या सरकारशी भांडले. आता ज्यांच्याशी भांडायचं ते समुद्राच्या तळाशी, माझ्या मुलाच्या शेजारी. बकारामला मी परीक्षेला बसलेल्या पोरीसारखं उलटसुलट विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर तेच. श्यामलालचा हात फळीवरून निसटताना त्यानं पाहिला. मग श्यामलाल पाठीवर तरंगत राहिला होता, म्हणतो, डोळे उघडे.

जमुना, मी कन्हैयालालला हो म्हणाले. येत्या अमावास्येला तलावाकाठी पुतळा जाळायचा आहे. त्याला श्यामलालचे कपडे घालावे लागतात. लग्नातला त्याचा काळा कोट तू पेटीच्या तळाशी घालून नेलास, ते मी पाहिलं होतं. त्या कोटासाठी हे पत्र. नवं धोतर गुंडाळलं तरी चालतं म्हणे. तुझ्या दिरानं आणूनही ठेवलं आहे. द्यायचा नसेल तर देऊ नकोस, मी तुला बोल लावणार नाही. पण एक गोष्ट बकारामनं दारातून निघताना सांगितली. बकारामला फळीशी बांधायला दोरी नव्हती, म्हणून श्यामलालनं अंगातला सदरा काढला होता. माझं पोर उघडं गेलं. पुन्हा तसं पाठवायला माझा हात धजत नाही.

तुझीच,
श्यामलालची आई