जांभ्याच्या पायऱ्यांवरचे रूळ

बौद्धवाडी, देवरूखजवळ
२० एप्रिल २०२६

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. आबांची तब्येत बरी आहे. उकाडा तुला माहीत आहेच.

तू पुण्याहून पाठवलेले रूळ आणि त्यांच्यावरच्या सरकगाड्या परत पाठवतेय, त्याच खोक्यात हे पत्र. रागावू नकोस. वस्तू देखणी आहे, बोटाने ढकलली तरी लोण्यासारखी सरकते. पण तू पडलास कारखान्यातला माणूस. तुझ्याकडे रुळाखाली घासून सपाट केलेलं लोखंड असतं, आपल्याकडे जांभ्याच्या दगडांचा गडगा, हाताने रचलेला. देवरूखच्या गंगाराम फॅब्रिकेटरने अंगणातून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर रूळ आवळले. गडगा वाकडा, म्हणून रूळही वाकले, आणि आबांना खाली-वर नेण्यासाठी केलेली खुर्ची मध्येच जी अडकली ती पहार लावूनच निघाली. शिवाय तांबडी धूळ. ती बेअरिंगच्या आतल्या गोळ्यांत शिरली की ग्रीसचा नुसता चिखल होतो.

मग तू सुचवलेला दुसरा प्रकार पाहिला, गोल दांड्यावरून सरकणारं बुशिंग. ते थोडा वाकडेपणा सोसतं, पण एवढा लांब दांडा आधाराशिवाय लवतो. शेवटी इथलेच साधे लोखंडी रूळ टाकून चाकंच घेतली. एका बाजूची खाचेची, रूळ धरून चालणारी. दुसऱ्या बाजूची सपाट, जराशी सैल. दोन्ही बाजू घट्ट धरायच्या नसतात, हे तूच फोनवर सांगितलंस. आवाज फार करतात, पण अडत नाहीत. खुर्ची दोराने ओढणारं विंच आणि ब्रेक लावून भाताची पोती वरखाली करून पाहिली.

वाडीतली मुलं म्हणत होती, एवढा खटाटोप कशाला, आम्ही आबांना उचलून खाली विहारात नेतो. आबांनी त्यांना उडवूनच लावलं. "कुणाच्या खांद्यावर बसून मी विहारात जायचो नाय. खांद्यावर जायचा ता एकदाच." बुद्धपौर्णिमेची वंदना वाडीत आजवर त्यांनीच घेतली आहे. यंदाही त्यांना ती विहारात बसूनच घ्यायची आहे.

तू वजन विचारलंस, चढ विचारलास, ते मी कळवलं. रोजच्या फेऱ्या किती आणि हे किती वर्षं टिकायला हवं, ते मात्र कळवलं नाही. तू पुन्हा विचारलंस तेव्हा मी गडग्याचे फोटो पाठवले.

वर तब्येत बरी लिहिली ते खोटं आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आबांना घरी पाठवलंय. पोटातली गाठ पसरली आहे, आता औषध फक्त दुखू नये म्हणून. फेरी एकच आहे, दादा. खाली जायचं आणि परत वर यायचं. ही पौर्णिमा निघाली तरी पुष्कळ झालं.

फोनवर सांगायचं ठरवलं होतं. पण तू बेअरिंगशिवाय दुसरं बोलतच नाहीस, आणि मीही ऐकत राहायचे, कारण ते सगळं तू आबांसाठीच बोलत होतास. ते पुण्याला येत नाहीत म्हणून "मग मरा या डोंगरावर" असं म्हणत तू या पायऱ्या उतरलास. ते शब्द आबांनी पुन्हा कधी काढले नाहीत. मला मात्र तुझा राग येतो, अजूनही येतो.

काल त्यांनी अंगणात बसून रिकामी खुर्ची खाली जाताना पाहिली. गंगाराम कौतुकाच्या आशेने उभा होता. आबा म्हणाले, "काम तुझा बेस हाय रे. पन डोका केतनचा." या कामात मी त्यांच्यापुढे कधीच तुझं नाव घेतलं नव्हतं.

खुर्ची सोडताना वर ब्रेकपाशी एक माणूस लागतो. गंगाराम म्हणाला, मी थांबतो. आबांनी त्याला हाताने खालची बाजू दाखवली. "तू थय खाली ऱ्हा. वर केतन हाय." मग माझ्याकडे वळून विचारलं, "येल ना गो तो?"

तुला न विचारता हो म्हणून बसलेली,
तेजल