शैलेंद्रचा गळ

४ जुलै, शुक्रवार

आज मासेमारीचा रॉड बाहेर काढला. मे महिन्यापासून कपाटामागे उभा होता. रिळाला अजून शैलेंद्रच्या सनस्क्रीनचा वास! बसलेच मी खाली फरशीवर.

आर्यानं दारातून पाहिलं. "डोन्ट टच इट." एवढंच. हल्ली हेसुद्धा पुष्कळ झालं म्हणायचं.

५ जुलै

लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहतं.

शैलेंद्र गेला तेव्हा अस्थी त्याच्या गावी देवगडला नेल्या नाहीत. "मला इथंच आखातात, बुदैयाच्या पाण्यात सोडा, ओळखीचं पाणी आहे," असं तो कितीदा तरी म्हणायचा. थट्टेतच, पण म्हणायचा. त्याचे मासेमारीतले दोस्त यासीनभाई. त्यांनी आपली होडी काढली. आम्ही निघालो, आणि इथल्या मराठी मंडळातले शिवदासकाका म्हणाले, "मुलींनी यायचं नसतं." मी मान डोलावली! आर्याला शेजारी निधीकडे बसवून गेले. दर शुक्रवारी बापाबरोबर बुदैयाच्याच धक्क्यावर गळ टाकून बसणारी ही पोर. बारावीत गेली तरी तो शुक्रवार चुकवला नाही तिनं. आणि शेवटच्या दिवशी तिलाच मी घरी ठेवलं.

तेव्हापासून ती समुद्राकडे फिरकत नाही, मासा तोंडात घालत नाही, माझ्याशी बोलत नाही; बोललीच तर इंग्रजीत. परवा शेरी मासळी तळली होती. ताट सरकवून म्हणाली, "यू लेफ्ट हिम देअर. विदाउट मी."

खरंच आहे ते.

११ जुलै

गेले धक्क्यावर. एकटी. नाश्ता आवरून, साडेदहाला! कसला शहाणपणा. धक्क्यावर चिटपाखरू नाही. डोकं तापलं, कोळंबी पिशवीतच वास मारायला लागली. पुण्यात वरणभातावर वाढलेली मी. कोळंबी गळाला लावताना डोळे मिटून घेतले, तर गळ बोटातच शिरला.

यासीनभाई गाडीतून उतरून आले. माझ्या हातातला रॉड बघितला. मग म्हणाले, "मॅडम, गर्मी में मछली नीचे जाता, ठंडा पानी में. किनारे पे मफी, कुछ नहीं. फज्र की नमाज के बाद आओ, शम्स से पहले, धूप से पहले."

बोटाला पट्टी त्यांनीच बांधली. मी का आले ते विचारलं नाही.

१८ जुलै

पहाटे गेले. काही लागलं नाही. पण मी निघताना आर्याच्या खोलीचा दिवा चालू होता.

२५ जुलै

आजपासून श्रावण. आमच्या घरात मासे बंद. यंदा मुद्दाम बंद करावं लागलं नाही.

८ ऑगस्ट

खायचे नाहीत, पण पकडायला शिकतेय. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर हसतील असं वाटलं होतं. नाही हसल्या. म्हणाल्या, "शिक गो. तेका बरा वाटात."

यासीनभाईंकडून बरंच कळलं. उत्तरेचा वारा सुटला की पाणी गढूळ होतं, त्या दिवशी घरीच बसावं. साफी मासळीला कोळंबी नको, तिला पिठाची गोळी. उन्हाळ्यात भरतीची सुरुवात आणि कोवळी सकाळ एकत्र आली तरच काही आशा, नाहीतर खलास. शैलेंद्र हे सगळं घरी जेवताना सांगायचा. मी "हं, हं" करत पोळी वाढायचे. आर्या ऐकायची, मान हलवायची, मध्येच चुका काढायची त्याच्या.

एकदा लागला मासा. मी असा हिसका दिला की दोर हातात आणि मासा पाण्यात. यासीनभाई कपाळाला हात लावून, "अरे मॅडम, शैलेंद्र क्या बोलता था?"

काय बोलायचा ते मला ठाऊक आहे. धक्क्यापासून गाडीपर्यंत ऐकू यायचं. "सोड, सोड! खेळू दे त्याला!" मासा ओढायला लागला की दोर ढिला सोडायचा, दमू द्यायचं, मग आणायचं. मी गाडीत एसी लावून ऑफिसच्या मेल बघत असायचे.

माझ्यानं ढिलं सोडवत नाही. लागलं की घट्ट धरते. आर्याचंही तेच करतेय बहुतेक.

२९ ऑगस्ट

गणपती मंडळात झाले. आर्या आली नाही. शिवदासकाकांनी विचारलं, मी सर्दी म्हणून सांगितलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. बाल्कनीत पान ठेवलं. कावळा बराच वेळ समोरच्या खांबावर बसून राहिला आणि उडून गेला. रडू आलं. कावळ्यावर कसला राग काढायचा, पण काढला!

तेवढ्यात शिवदासकाकांचा फोन. वर्षश्राद्धाचं आत्ताच ठरवू या, म्हणाले. "मुलगा नाही, तेव्हा तर्पणाला आपल्या सलीलला उभं करू. मंडळातलाच आहे."

माझ्या अंगात कुठून आलं कोण जाणे. "काका, मे महिन्यात तुमचं ऐकलं मी. आयुष्यभर सलेल मला ते. पाणी सोडायचं तर आर्या सोडेल. तिचा बाप होता." काका म्हणाले, "बरं. तुझी मर्जी."

वळले तर आर्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. मी "आर्या" म्हणेपर्यंत लागलं.

संध्याकाळी पान आत आणायला गेले. भात विस्कटलेला होता. कोणी खाल्लं, बघितलं नाही.

१० ऑक्टोबर

हवा बदलली. पहाटे धक्क्यावर अंगाला गार लागलं. यासीनभाई खुशीत. "अब आएगा किनारे, इंशाल्ला. सब वापस आएगा."

सब नाही येणार, यासीनभाई. मनातच म्हटलं. त्यांचेही डोळे भरले होते.

२४ ऑक्टोबर

मोठी शेरी लागली होती. घाई केली. गेली.

धक्क्यावरच मोठ्यानं रडले. माशासाठी नाही. मला तो हवा आहे. दुसरं काही नाही, तोच हवा आहे. घरी आल्यावर आर्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा टाकला. आलं घालून, त्याच्यासारखा.

६ नोव्हेंबर

फ्रीजमध्ये पिठाच्या गोळ्या. मी मळल्या नव्हत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे खाली गेले तर आर्या आधीच गाडीत. धक्क्यापर्यंत गोळ्यांचा डबा तिच्या मांडीवर. उजाडताना दोर ताणला, मी ओढायला गेले, आणि मागून आवाज — मराठीत! — "सोड, आई, सोड! खेळू दे त्याला!" मी सोडला दोर. सोडत राहिले. शेरी वर आली. आर्यानं हलक्या हातानं गळ काढला, पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली, मासा दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभी राहिली आणि पाण्यात सोडला. "बाबा, येते हं," म्हणाली. मग वर आली आणि ओले हात माझ्या ओढणीला पुसले.