कॉलरची इस्त्री

प्रिय आईस,

पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे, दोन्ही वेळ जेवते.

आमचा माहितीपट इस्त्री करणाऱ्या एका मावशींवर आहे. पण कॅमेरा दिसला की त्यांचं तोंड बंद! तीन दिवस असेच गेले. आजही त्या बोलल्या नसत्या, तर सगळं बारगळलं असतं. शेवटी मीच एक शर्ट उचलला आणि तू शिकवलंस तशी कॉलर टोकाकडून आत इस्त्री केली. कॅमेरा चालूच होता.

"अगं, हे कोणी शिकवलं तुला?"

"आईने."

मग मावशी तासभर बोलायच्या थांबल्याच नाहीत. दिग्दर्शक म्हणाले, "तुझी पदवी राहू दे, इस्त्री कामाला आली!"

इस्त्री करून दुखणारा तुझा खांदा कसा आहे? खरं सांग.

माहितीपट मावशींच्या त्याच प्रश्नाने सुरू होणार आहे. म्हणजे पडद्यावरचा माझा पहिला शब्द "आईने".

तुझ्या हाताखाली शिकलेली,
थोरली