अडीच मिलिग्रॅम

४ मार्च, मंगळवार
मावशीची तिसरी केमो होऊन पाच दिवस झाले. आज दिवसभरात: चार चमचे मऊ भात, अर्धी वाटी ताक. दोन्ही उलटून पडलं. वजन १०८ पौंड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, १०५च्या खाली गेलं तर चौथी केमो पुढे ढकलावी लागेल. पुढे म्हणजे किती? दोनदा विचारलं, सांगितलं नाही.
उलटीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. निघताना नर्सने हळूच सुचवलं, काही पेशंटना गांजाच्या गमीने, म्हणजे चघळायच्या मऊ गोळीने, भूक लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल, पण अगदी कमी, आणि काय घेतलं ते आम्हाला कळवायचं.
हळूच का पण? ॲरिझोनात तर उघड दुकानं आहेत.
गाडीत मावशी: "गोसाव्यांची चिलीम का आता माझ्या नशिबी?" आणि हसली. किती दिवसांनी.

६ मार्च, गुरुवार
दुकानात मी जायचं नाही. दारातच आयडी स्कॅन करतात. माझं अजून ग्रीन कार्ड. वकीलबाईंनी बजावलंय: राज्यात चालतं, फेडरल कायद्यात नाही, सिटिझन होईपर्यंत लांब राहा. मावशीचा नील इथेच जन्मला, त्याला कसली भीती. तो घेऊन आला. बरणीत सुकी फुलं. लेबलवर टीएचसी, म्हणजे चढणारा घटक, ३१ टक्के.
"दादा, शेल्फवर हायेस्ट होतं. बेस्ट स्टफ."
फुलं ओढायची असतात. केमोचा पेशंट धूर ओढणार? मग आणलं कोणासाठी? विचारलं नाही. बरणी तो परत घेऊन गेला, हे मात्र पाहिलं.

७ मार्च, शुक्रवार
सुट्टी घेऊन वाचत बसलो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला, पण गुणाकार येतो. टक्के म्हणजे वजनातला हिस्सा. एक ग्रॅम फुलात ३१ टक्के म्हणजे ३१० मि.ग्रॅ. गमीवर मि.ग्रॅ.च लिहितात. पाकिटावर मोठ्या अक्षरांत १०० असतं ते अख्ख्या पाकिटाचं, एका गमीचं बारीक अक्षरांत. नवख्याने अडीचपासून सुरू करायचं. परिणाम दीड-दोन तासांनी दिसतो, म्हणून मध्ये दुसरी घ्यायची नाही. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं कुठेच लिहिलेलं नाही.
नीलला सगळं लिहून पाठवलं. उत्तर: एक अंगठा.

९ मार्च, रविवार
नीलने गमी आणल्या. मावशीने चष्मा लावून लेबल वाचलं. "जिलेटिन म्हणजे हाडांचंच ना रे? नको."
"मॉम, इट्स मेडिसिन!"
"चाळीस वर्षं इथे केकसुद्धा विचारून खाल्लाय मी. आता औषधातून बाटवू नका."
तो कुरकुरत परत गेला. फळांच्या पेक्टिनवाल्या आणल्या, आंब्याच्या चवीच्या. एका गमीत ५ टीएचसी, ५ सीबीडी. दुकानातली मुलगी म्हणाली म्हणे, सीबीडी सोबत असलं की तितकं चढत नाही. विकणारीचं किती ऐकायचं? वीस आहेत. मोजल्या.

११ मार्च, मंगळवार
१०.३०ला अर्धी. काही नाही. दुपारी दोन घास. वजन १०६.५.

१२ मार्च, बुधवार
१०.३०, अर्धी. साडेबाराला आतून हाक: "मंदार, कांदा घालून थालीपीठ लाव रे." दीड थालीपीठ, दह्याबरोबर! पोटात राहिलं. मी थोडा वेळ ओट्याकडे तोंड करून उभा राहिलो.

१३ मार्च, गुरुवार
अर्धी. काही नाही. पाकीट तेच, सुरी तीच, वेळ तीच. मग?
पाकिटावरच्या कोडवरून लॅबचा रिपोर्ट काढला. बॅच नंबर जुळतो. पण लॅब कोणाची? तुकडे काट्यावर ठेवून पाहिले, स्वयंपाकघरातला काटा एवढं बारीक दाखवतच नाही. गमीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल तर अर्धी म्हणजे अडीच कशावरून?
संध्याकाळी नील येऊन गेला. सामान ठेवलं, वीस मिनिटं बसला.

१४ मार्च, शुक्रवार
अर्धी. दोन तासांनी मावशीची छाती धडधडायला लागली. "भिंत जवळ येतेय रे. धर मला." हात धरून बसलो. क्लिनिकला फोन केला. म्हणाले, पडून राहू द्या, पाणी द्या, एकटं सोडू नका, आज परत देऊ नका. डोळे मिटून ती म्हणाली, "कॉलेजात होळीला भांग प्यायले होते, तेव्हा असलं नव्हतं झालं." साडेचारला झोप लागली.
पाकीट मोजलं. १८ हव्यात, १७ आहेत. नीलकडे स्वतःच्या असतात, दहा मि.ग्रॅ.च्या. त्याही पिवळ्याच. पाकिटाला हात लावलाय, मग एखादी बदललीही असेल?

१५ मार्च, शनिवार
नीलला सरळ विचारलं.
"यू थिंक आय ॲम ड्रगिंग माय ओन मॉम?"
"एक कमी आहे."
"गमीज कोण मोजतं, यार! एक मी खाल्ली, ओके? बदलली नाही."
दार आपटून गेला. मावशी: "काय झालं रे?" काही नाही, वारा, म्हणालो.
आज तिला दिली नाही. जेवण: जवळजवळ नाहीच.

१६ मार्च, रविवार
आजही देणार नव्हतो. तीच म्हणाली, "दे रे, या वेळी तूप कमी घेते."
"कसलं तूप?"
"अनुपानाशिवाय औषध अंगी लागतं का? आईने शिकवलंय. तू वेळ लिहीत बसतोस तेवढ्यात मी कोमट तुपातून घेते. बुधवारी कशी लागू पडली! गुरुवारी तूप संपलेलं. नीलने आणलं म्हणून शुक्रवारी चांगलं दोन चमचे घेतलं."
मंगळवारी? "तेव्हा सुचलं नव्हतं."
तरी दिली नाही. आधी विचारतो.

१७ मार्च, सोमवार
क्लिनिकच्या फार्मसिस्टला फोन. हो, स्निग्ध पदार्थाबरोबर जास्त शोषलं जातं. घ्यायचं तर रोज सारखंच घ्या. बुधवारइतकंच, अर्धा चमचा तूप मोजून दिलं. एक पोळी, वरण. राहिलं.
नीलला लिहिलं: सॉरी, चूक माझी.
"व्हॉटेव्हर. डिड शी ईट?"
म्हणजे खरंच बदलली नव्हती. बहुतेक.

१९ मार्च, बुधवार
जेवतेय. तरी वजन १०३.६. मधले दोन दिवस मी बंद केलं, ते भोवलं. काटा हलवून तीनदा पाहिलं. उद्या क्लिनिकमध्ये वजन, शुक्रवारी सकाळी आठला केमो.

२० मार्च, गुरुवार
क्लिनिकचा काटा: १०५.८. नर्स म्हणाली, ग्रेट जॉब! उद्या केमो नक्की. मी वहीत कालचा आकडा पुन्हा पाहिला: १०३.६.
बाहेर येताच मावशीने कोपर धरलं. "बाथरूम कुठंय, लवकर सांग. दोन बाटल्या पाणी पिऊन आलेय."
"मावशी!"
"कोणाला सांगू नकोस. नीलला तर नाहीच. मला ती केमो हवीय."
उगाच ठरवलेला नसेल तो १०५चा आकडा. आणि औषधाचा डोस वजनावरून काढतात, हे मी वाचलंय. तिनेही वाचलं असणार. पार्किंगमध्ये नील: "सो? वी गुड?" मावशी माझ्याआधी म्हणाली, "एकदम."
क्लिनिकचा फोन पाचपर्यंत चालू असतो. आता चार वाजून दहा मिनिटं. नंबर समोर काढून ठेवला आहे. नील सोफ्यावर, तिच्या पायांशी.
मावशी म्हणतेय, भूक लागलीय, काहीतरी गरम कर. खरंच लागलीय, की मी फोन करू नये म्हणून मला ऐकवायला म्हणतेय?