माझ्या वाटणीच्या ओळी

३ फेब्रुवारी, शुक्रवार

धप् — धप् — धप्!

ह्या आवाजानं जाग आली. डोळे उघडण्याआधीच कळलं की आवाज आजचा नाही, पासष्ट वर्षांपूर्वीचा आहे. मबरूका आत्या अंगणात बसून बझीन घोटते आहे. पातेलं दोन्ही पावलांत धरलेलं, हातात जैतुनाच्या लाकडाचं दांडकं, आणि जवाच्या पिठाचा तो जड गोळा उलटतोय, पालटतोय. मी आणि धाकटा भाऊ मिलाद भिंतीला टेकून त्याच ठेक्यावर कविता पाठ करतोय.

मग कूस बदलायला गेलो आणि क्षणात चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो.

परवा ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या दवाखान्यातून घरी आलो. जावयानं गाडीची मागची सीट आडवी केली होती. मांड्यांमध्ये उशी, वर गोधडी. सरहद्दीवरच्या शिपायानं डोकावून विचारलं, मागे काय सामान आहे? जावई म्हणाला, सासरा. हसू आलं तर टाके ओढले.

जावई आज सकाळी तोब्रुकला परत गेला. घर एकाएकी केवढं मोठं झालं.

वारा वायव्येचा, थंड. (एकतीस वर्षं हवामान कचेरीत वारा लिहिला. हात आपोआप लिहितो.)

५ फेब्रुवारी, रविवार

नियमांचा कागद भिंतीवर चिकटवला. कमरेतून काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही. पायावर पाय नाही. बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. जमिनीवर तर आता कधीच नाही. सहा आठवडे उजवं पाऊल नुसतं टेकवायचं — ‘खाली अंडं आहे असं समजा,’ असं डॉक्टर म्हणाला होता.

खुब्याचा पहिला कृत्रिम सांधा नऊ वर्षं चालला. ह्या खेपेला वाटी सैल झालेली, मांडीचं हाड चिरलेलं. साडेपाच तास लागले. जुनं सगळं खरवडून काढलं, लांब दांडा ठोकला, हाड तारांनी बांधलं. एक्स-रेच्या फोटोत माझी मांडी शेताच्या मोडक्या कुंपणासारखी दिसते.

सकाळी दोन तास इद्रीस येतो. सुदानचा आहे, पन्नाशीचा. अंग पुसतो, पोटात सुई टोचतो, डाळीचं सार करून ठेवतो. आज म्हणाला, “हाजी, आमच्याकडे उंटाचा पाय मोडला तर त्याला कापून खातात. तुमचं नशीब, तुमच्या अंगावर मांस नाही.”

तो गेला की दुसऱ्या सकाळपर्यंत माणसाचा शब्द नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

चार तास वीज नव्हती. कुणी आलं नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज शुक्रवार, आत्याकडे नेहमीसारखे सगळे जमले असतील. जमिनीवर चटई, मधे मिलादनं घडवलेला मातीचा मोठा थाळा, थाळ्यात बझीनचा डोंगर, भोवती लाल रस्सा, बटाटे, अंडी, मटण. आठ-दहा उजवे हात एकाच थाळ्यात. माझ्यापुढे इद्रीसचं सार. चमच्यानं खाल्लं.

इथे लिहायला हरकत नाही, कागद कुणाला सांगायला जात नाही.

सगळ्यांना वाटतं की मी न्हाणीघरात घसरलो. ते अर्धंच खरं. ऑक्टोबरात आतोबा गेले. तिसऱ्या दिवशी दुखवट्याच्या पंगतीला मी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. पहिल्या ऑपरेशनपासून नऊ वर्षं तसाच बसत आलो. पण त्या दिवशी आत्या समोर जमिनीवर होती — पांढऱ्या वस्त्रात, एवढीशी झालेली. मिलाद चारचौघांत म्हणाला, “दादा, विधवा आत्या मातीवर आणि तू सिंहासनावर?”

माणसं हसली. मोठ्यानं नाही, दुखवट्यात हसतात तेवढीच. मी उतरलो. मांडी घातली. थाळ्यातून जेवलो. उठताना आत कुठेतरी खट् झालं.

मिलाद माझ्या शेजारीच होता. त्यानं ऐकलं. त्याचा हात थाळ्यात थांबलेला मी पाहिला. मी हसत हसत भिंत धरून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात सांधा निखळला. त्रिपोलीत बसवला, डिसेंबरात पुन्हा निखळला. मग स्फाक्स.

त्याचं नाव मी कुणाजवळ घेतलं नाही. मुलीजवळही नाही. आणि चार महिने झाले, तो आला नाही. गेऱ्यानसारख्या एवढ्याशा गावात! त्याची भट्टी इथून गाडीनं दहा मिनिटांवर.

दुपारी खाली कुणाची तरी गाडी येऊन थांबली. बराच वेळ दार उघडल्याचा आवाज नाही. मग गेली. माझ्या खिडकीतून समोरची टेकडी दिसते. खालचा रस्ता बघायचा तर वाकावं लागतं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

नजवाचा फोन. जखम कोरडी आहे का, सुई चुकवत नाही ना, रात्री उशी ठेवता ना. मग हळूच — “बाबा, काका येऊन गेले?” म्हटलं, त्याला भट्टीचं काम असतं. ती म्हणाली, “मग तुम्ही करा की फोन. तुम्ही थोरले.”

थोरला म्हणूनच नाही करणार. पाय माझा मोडला. हाकही मीच मारायची?

१९ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर पाकोळीची कविता.

शाळेत घरटी एक पुस्तक मिळायचं. आम्ही दोघं एकाच वर्गात बसायचो. तिसरीत मी नापास झालो होतो, आणि मिलाद हुशार. हमूदा मास्तरांनी कवितेची वाटणी करून दिली. समुद्र ओलांडून आलेल्या पाकोळीला एक मूल प्रश्न विचारतं, पाकोळी उत्तर देते. मास्तर म्हणाले, थोरल्यानं विचारायचं, धाकट्यानं सांगायचं. आम्ही तशीच पाठ केली, तशीच म्हटली — शाळेत, लग्नघरात, बापाच्या आजारपणात त्याच्या उशाशी सुद्धा.

पाकोळी गं पाकोळी, समुद्र किती रुंद होता?
पाकोळी गं पाकोळी, पंख तुझे भिजले का?
पाकोळी गं पाकोळी, दाराशी का थांबलीस?

पुढे आणखी चार. सगळ्या पाठ आहेत, एक अक्षर चुकत नाही. उत्तरं मात्र एकही आठवत नाही! हजारदा ऐकली असतील, पण माझ्या तोंडात ती कधी बसलीच नाहीत. ती त्याची होती.

खोलीत मोठ्यानं म्हणून पाहिली. प्रत्येक ओळीनंतर नकळत थांबत होतो.

२५ फेब्रुवारी, शनिवार

इद्रीस वर आला तो धापा टाकत. जिन्याच्या तळाशी कुणीतरी पोतं ठेवून गेलं होतं. आत भाजलेल्या मातीचे चार ठोकळे, वीतभर उंचीचे, प्रत्येकाच्या डोक्यावर खळगा. इद्रीसनं एक फिरवून फिरवून पाहिला. “हाजी, खुर्चीच्या पायाखालचे आहेत हे. तुमची खुर्ची बुटकी आहे हे ह्या माणसाला कुणी सांगितलं?”

तुझ्याशिवाय कोण सांगणार, असं विचारल्यावर तो छताकडे बघायला लागला.

बुडाशी अंगठ्याचे ठसे. टोकाला खाच असलेला अंगठा — दहाव्या वर्षी कोयता लागलेला, रक्त थांबेपर्यंत मीच दाबून धरला होता.

चिठ्ठी नाही. निरोप नाही. ठोकळे पाठवले म्हणजे आला असं होतं का? कोपऱ्यात ठेवायला सांगितले.

२७ फेब्रुवारी, सोमवार

बुटक्या खुर्चीतून उठताना मांडीत चमक आली. घाम फुटला. पुन्हा निखळला असं वाटून अर्धा तास श्वास मोजत बसलो. नव्हता निखळला.

इद्रीसला म्हटलं, लाव ते ठोकळे. चारही पाय खळग्यात असे बसले की खुर्ची तसूभर हलत नाही. मिलादनं माप कधी घेतलं असेल?

३ मार्च, शुक्रवार

गिब्ली सुटलाय. दक्षिणेचा, वाळवंटातला वारा. आकाश पिवळं, दातांखाली वाळू.

दुपारी फोन हातातून निसटला आणि खाटेखाली गेला. तीन हातांवर! पण वाकायचं नाही. उचलायचा चिमटा स्वयंपाकघरात. वॉकर घेऊन उठणार तोच फोन वाजायला लागला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा वाजला. चार वेळा. मी काठावर बसून ऐकत राहिलो. स्वतःच्या घरात स्वतःचा फोन.

मग खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज. मग नुसता वारा.

झोहरा असती तर म्हणाली असती, कविता म्हणत बसा आता. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिचे टोमणे अजून वेळेवर येतात.

४ मार्च, शनिवार

इद्रीसनं फोन काढून दिला. चारही वेळा आत्याच्या घरचाच मोबाइल.

आत्याला नंबर लावता येत नाही. तिला आकडेच येत नाहीत. म्हणजे कुणीतरी लावून दिला — किंवा कुणीतरी स्वतःच केला. तो फोन घेऊन तो इथवर आला होता?

बोट बटणावर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. शेवटी फोन उशीखाली सारला. आत्याचं काही बरंवाईट असतं तर गाव आलं असतं सांगत, अशी मनाची समजूत घातली. सत्तरी उलटलेल्या माणसाला शोभत नाही हे. माहीत आहे.

१३ मार्च, सोमवार

आज फोटो. इद्रीस आणि खालचा दुकानदार, दोघांनी मला खुर्चीसकट उतरवलं, खुर्चीसकट चढवलं. स्फाक्सच्या डॉक्टरनं फोनवर फोटो पाहिला. हाड धरतंय. तारा जागेवर. आजपासून निम्मा भार द्यायचा.

उजवं पाऊल जमिनीवर दाबून टेकवलं आणि — काय सांगू! फरशी थंड आहे, हे सहा आठवड्यांनी कळलं. पाय बोटभर आखूड झालाय. इद्रीस म्हणतो, “बरं झालं, टेकडीवरच्या गावात एक पाय आखूडच हवा.”

सांगायला नजवाचा फोन लावला, ती शाळेत शिकवत होती. दुसरं कोण? दुसरं कोणी नाही. टेकडीला सांगितलं.

१६ मार्च, गुरुवार

पुढच्या आठवड्यात रमजान. त्याआधीचा शेवटचा शुक्रवार उद्याच. आत्याकडे झाडून सगळे येणार. लहानपणापासून एकदाही चुकवला नव्हता.

संध्याकाळी मिलादचा नंबर लावला. वाजायच्या आधीच बंद केला.

बोलणार तरी काय? तू बोललास म्हणून मी खाली बसलो? तो म्हणेल, तुला अक्कल नव्हती? आणि त्याचं खरं असेल. डॉक्टरनं नऊ वर्षांपूर्वीच सांगितलेलं, खाली बसू नकोस. चारजण हसले म्हणून मी बसलो. हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

१७ मार्च, शुक्रवार

दुपारी दार वाजलं. इद्रीस दुपारी येत नाही. वॉकर ओढत गेलो, कडी काढली.

मबरूका आत्या! अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आतोबा गेल्यापासून उंबरा न ओलांडलेली. चौकट धरून उभी, छातीचा भाता झालेला. मी तिच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकायला लागलो तर तिनं काठीनं छातीशी अडवलं. “वाकू नकोस. चौदा पायऱ्या चढलेय. आधी खुर्ची दे.”

आत्या कधी खुर्चीत बसलेली जन्मात पाहिली नाही. ठोकळ्यांवरच्या खुर्चीत ती बसली. पाय अधांतरी, लहान मुलीसारखे. इकडे तिकडे पाहून म्हणाली, “बरं दिसतं की इथून. उगाच लाजलास त्या दिवशी.” म्हणजे तिला सगळं ठाऊक.

मग काठीनं खिडकीकडे दाखवलं. “तो खाली गाडीत बसलाय. मांडीवर बझीनचा थाळा. तू परत आल्यापासून दर शुक्रवारी येतो, बसतो, परत जातो. वर जा म्हटलं तर म्हणतो, कुठल्या तोंडानं? दादानं बोलावलं नाही.”

मी खिडकीशी गेलो. वाकता येत नाही, खालचं दिसत नाही. समोर टेकडी. हाक मारायला तोंड उघडलं तर नाव फुटेना. जे पाठ होतं तेच आलं —

“पाकोळी गं पाकोळी, दाराशी का थांबलीस?”

खाली गाडीचं दार वाजलं. आणि जिन्यातून, एकेका पायरीवर थांबत, म्हाताऱ्या चिरक्या आवाजात —

“हाक कुणी मारली नाही, म्हणून दारी थांबले.”