नमुना क्रमांक चौदा

प्रिय नाकोबा,

पाकीट फोडल्या फोडल्या काही बोललास का? बोलला असशील तर फारच छान. का विचारते ते शेवटी सांगेन. मधली पानं गाळून उडी मारू नकोस, तुझी ती जुनी खोड मला पाठ आहे. तुझं गेल्या महिन्यातलं पत्र मिळालं. अक्षर केवढं मुंगीएवढं काढायला लागलास रे! पहिल्या ओळी बऱ्या होत्या, पण पानाच्या तळाशी येईपर्यंत मला खिडकीपाशी जाऊन वाचावं लागलं.

परवा बिअरच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून गेले होते. एका शाळेचा हॉल, टेबलांवर पांढरे कागद, पाण्याचे जग आणि तोंड साफ करायला कोरडा पाव. आमच्या टेबलावर तिघं: मी, रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर आणि एक हॉटेलवाल्या बाई. वाट्याला आली इंडिया पेल एल, म्हणजे तुझी लाडकी जात. सोनेरी, कडवट, आणि ग्लास उचलताच हॉप्सच्या फुलांचा संत्र्याच्या सालीसारखा वास यायला हवा. कुणाची कुठली ते झाकलेलं, नुसते आकडे. चौदा नंबरचा ग्लास नाकाशी नेला आणि मी थेट बाबांच्या बेकरीत जाऊन उभी राहिले. लोणी! गरम पावावर वितळणारं लोणी. क्षणभर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण बिअरला लोण्याचा वास म्हणजे दोष, हे मी तुला काय सांगणार? यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत टाकी थंड केली की तो मागे राहतो. नाक जागेवर असलेल्या माणसाला नळ सोडताच कळतं. शिवाय कडूपणा असा, की जीभ सोलून निघावी. वास येत नाही म्हणून कुणीतरी हॉप्स ओततच सुटलं होतं. मास्तर म्हणाले, ‘‘बनवणाऱ्याला सर्दी झाली होती वाटतं!’’ बाई हसल्या, मीही हसले आणि पन्नासांत एकवीस गुण लिहिले. मग दुसरा घोट घेतला. त्या सगळ्या कडूपणाच्या मागे भाजलेल्या पावाच्या कडा लागल्या. बाबांची आठवण म्हणून बिअरमध्ये पावाच्या कडा घालणारा माणूस मला एकच माहीत आहे.

ओळख पटली की परीक्षकानं उठायचं असतं. मी उठले, मुख्य परीक्षकांना सांगितलं, माझा कागद बाद झाला. पण त्या दोघांचे गुणही माझ्याएवढेच होते, आणि त्यांचे कागद या आठवड्यात तुझ्याकडे पोचतील. रागावायचं तर माझ्यावर रागाव.

बिअर काय, कुणाचीही बिघडते. पण तुझी, आणि तीही वासावरून? बाबांनी तुला नाकोबा उगाच म्हटलं नव्हतं. दाढ दुखत होती तेव्हा आईनं लवंगेच्या तेलाचा बोळा नुसता जवळ आणला, तर तू घर डोक्यावर घेतलं होतंस. अजूनही लवंग टाकलेल्या चहाला तू हात लावत नाहीस. आणि मागे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं, दूध करपून घरभर धूर झाला आणि साहेब शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होते. ती हसत होती. मलाही तेव्हा गंमतच वाटली होती.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते. मी सतरा वर्षांची असताना एका सकाळी बेकरीत गेले, तर भट्टीतून धूर येत होता आणि बाबा तिच्यासमोर उभे राहून गाणं गुणगुणत होते. पावाचा कोळसा झाला होता. माझा चेहरा बघून ते घाबरले. मला म्हणाले, ‘‘नाक गेलंय गं माझं. आईला सांगू नकोस, धाकट्याला तर मुळीच नको.’’ मी नाही सांगितलं. तीन वर्षं शाळा-कॉलेजच्या आधी भट्टीपाशी उभं राहून मी त्यांना पाव झाल्याचं सांगत होते. माझ्या नाकाचं आज एवढं कौतुक होतं ना, ते तिथे तयार झालं. केकवर नाव लिहिताना त्यांची अक्षरं बारीक होत गेली, तेही मी पाहिलं आणि गप्प राहिले. पुढे हात कापायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, वास कधीपासून येत नाही? कंपवाताची ती खूण फार आधीची असते म्हणे. वेळेवर आला असतात तर आणखी काही वर्षं स्वतःच्या हातानं जेवला असतात, असं ते बाबांना म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायला ते जमिनीकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांना भरवताना मला रोज ते आठवायचं.

मी चुकत असेन. चुकू दे, देवा, मला चुकू दे. पण या वेळी मी कुणाचं नाक होऊन गप्प बसणार नाही. हे कागद मी लवंगेच्या तेलात बुडवून वाळवलेत. टपाल कचेरीतल्या बाईनं पाकीट हातभर लांब धरलं होतं. ते फोडताच तू बोंब मारायला हवी होतीस. मारली असशील तर मी मूर्ख. फोन कर आणि पोटभर शिव्या दे. पण इथपर्यंत शांतपणे वाचत आला असशील, तर राजा, हे पत्र लपवू नकोस. आत्ता उठ आणि बायकोच्या हातात दे. तिला वास येईल.

तुझीच,
ताई