ज्या बाकावर कोणी बसत नाही

ती. मामांना,

गोंधळलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला, की अजून बिऱ्हाड करून आहे? इकडे सगळे मजेत आहेत असंच लिहिणार होतो. पण कोण मजेत आहे आणि कोण नाही, तेच मला कळेनासं झालंय.

आमच्या चौकात बाक करायचं काम मला मिळालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नगरपालिकेने त्यासाठी एक डिझायनर बाई नेमल्या. (बाई हुशार आहेत. त्या बोलतात तेव्हा मी मान डोलावतो आणि कशाला डोलावली याचा विचार घरी येऊन करतो.) त्यांचं म्हणणं असं, की इथली माणसं वीस-वीस वर्षं शेजारी राहून एकमेकांना ओळखत नाहीत, तेव्हा बसल्याबरोबर आपलेपणा वाटेल असं बाक हवं. आता मामा, तुम्ही मला रंधा धरायला शिकवलंत, सांधा बसवायला शिकवलंत. आपलेपणा किती सुताचा ठेवायचा, ते राहूनच गेलं. मी आपलं कागदावरच्या रेघेबरहुकूम नागमोडी बाक केलं, बसणाऱ्यांची तोंडं समोरासमोर. दीड महिना खपलो. खिळा औषधालासुद्धा दिसणार नाही.

पहिल्या दिवशी लोक बसले आणि दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तेवढेही आले नाहीत. बाकावर ओल्या छत्र्या वाळू लागल्या. मी खिडकीतून बघायचो आणि छत्र्या मोजायचो. मग एके संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींनी (याच त्या, ज्यांच्याशी तुमच्या सुनेने, म्हणजे आमच्या हिने, गॅलरीत पाणी ठिबकण्यावरून सहा वर्षं अबोला धरला होता) पाठ टेकायला हवी म्हणून घरची वेताची खुर्ची आणली, बाकावर कापड पसरलं आणि काजं करायला बसल्या. दुसऱ्या दिवशी निवृत्त पोस्टमन घडीची खुर्ची घेऊन आले. आठवड्याने मोजल्या, तर अकरा खुर्च्या! सगळे बाकाभोवती, बाकावर कोणी नाही. त्यावर वाटाणे सोलतात, चहाचे कप ठेवतात (माझ्या पॉलिशवर, मामा, गरम कप!) आणि अंधार पडेपर्यंत हसतात.

मी माफीची तयारी करून बाईंसमोर गेलो. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि आपल्या मनात अगदी हेच होतं म्हणाल्या. मी सवयीने मान डोलावली. घरी येऊन नकाशा पुन्हा पाहिला. त्यात एकही खुर्ची नाही. आता त्यांना आणखी तीन चौकांत तसंच बाक हवंय. ज्यावर कोणी बसणार नाही असं बाक मुद्दाम कसं करतात?

याहून मोठा घोटाळा घरात आहे. बारावी खुर्ची आपली. लग्नाच्या वर्षी मी केलेली, हातांची, जिच्यावर बसून मी जेवतो ती. तुमची सून ती उचलून घेऊन गेली आणि थेट त्या वहिनींच्या शेजारी मांडली. आता दोघी रोज दोन-दोन तास बोलतात. मी खिळ्यांच्या खोक्यावर बसून जेवतो. एवढं काय बोलता, म्हणून मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “घरी तुम्ही कुठे बोलता?”

मी विचार करून उत्तर देणार होतो. अजून विचार चालू आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण. तुमच्या माळ्यावर एक जुनी खुर्ची पडून आहे. ती कोणाबरोबर तरी पाठवा. खोक्याचे खिळे वर आलेत.

आणखी ता. क. : पाकीट टाकायला निघालो, तेव्हा तिने चौकातून हाक मारली. खुर्ची एकही रिकामी नव्हती, म्हणून बाकावर बसलो. (बसायला फार वाईट आहे. चूक माझीच.) तर ती आपली खुर्ची सोडून माझ्याजवळ बाकावर येऊन बसली. हातातलं पत्र कोणाला, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं; बराच वेळ लागला. शेवटी म्हणाली, “मामांना कळवा, खुर्ची पाठवू नका.” म्हणून पाकीट फोडून हे लिहितोय. ती असं का म्हणाली, हे मामींना कळलं तर उलट टपाली कळवावं.